झीसिस मिस्त्रीने उघडलेले साचे

उत्तर ग्रीसमधल्या आमच्या नाउसा गावात झीसिस मांदालास हे नाव काढलं की अजूनही दोन-चार माणसं तोंड फिरवतात. त्यातली निम्मी आता जर्मनीत राहतात, सुट्टीपुरती गावी येतात, पण तोंड फिरवायला विसरत नाहीत. मीही बरीच वर्षं फिरवलं. म्हणून त्याची हकिकत मीच सांगितलेली बरी.

मी आन्थूला. खालच्या गिरणीच्या कताईखात्यात सत्तावीस वर्षं उभी होते. झीसिस त्याच गिरणीत साच्यांचा, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांचा मिस्त्री. त्याच्या आणि माझ्या अंगणात छातीएवढी एकच भिंत. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तो मागच्या बाकावर बसून बाईंचं घड्याळ उघडायला मागायचा. एकदा बाईंनी कंटाळून दिलं, तर त्याने खरंच उघडलं आणि पुन्हा बसवून परत केलं. वडील गिरणीच्या बॉयलरवर होते. पंधरा पुरी झाली त्या उन्हाळ्यात ते त्याला हाताला धरून आत घेऊन गेले, आणि तो आतलाच झाला.

साच्याचं दुखणं त्याला कानाने कळायचं. खात्यात इतका गोंगाट, की आम्ही बाया ओठांवरून बोलणं ओळखायचो. त्या गोंगाटात तो स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरच्या पेटीवर ठेवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "चौथी बेअरिंग. अजून आठवडाभर चालेल, मग रडेल." आठवड्याने ती रडायचीच. एकदा नवे साचे बसवायला स्वित्झर्लंडहून इंजिनीअर आला होता. त्याला तीन दिवस एक खोट सापडेना. झीसिसने ती दुपारच्या डब्याआधी शोधली. त्या इंजिनीअरला आम्ही संध्याकाळी इतकं चिपुरो पाजलं, की दुसऱ्या दिवशी त्याला आगगाडीत दोघांनी उचलून बसवावं लागलं.

वाया वाइंडिंग खात्यातली. कांड्यांवरचं सूत मोठ्या कोनावर गुंडाळायचं तिचं काम. तिचं यंत्र फार बिघडायला लागलं, रोज बिघडायला लागलं, तेव्हा मुकादम झीसिसला म्हणाला, "मिस्त्री, यंत्र ठीक आहे. बाईकडे बघ." पुढच्या वर्षी लग्न झालं. एक मुलगी झाली, ती शिकली आणि श्टुटगार्टला नवऱ्याबरोबर गेली. अशी त्यांची गोष्ट इथेच संपली असती, तर सांगायला काही नव्हतं.

दोन हजार चारच्या शरद ऋतूत धाकट्या मालकांनी, आरिस्तिदिसांनी, झीसिसला वर बोलावलं. थोरले मालक आम्हाला नावाने ओळखायचे. हे थेस्सालोनिकीत राहायचे आणि महिन्यातून एकदा गाडीतून यायचे. एव्हाना गावातल्या तीन गिरण्या बंद पडल्या होत्या. आमचीही तिसरी पाळी गेली होती. तयार सूत तुर्कस्तानातून, पाकिस्तानातून इतकं स्वस्त यायचं, की आम्ही फुकट राबलो असतो तरी पुरे पडलो नसतो, असं मुकादम सांगायचा.

झीसिस खाली आला तेव्हा मी आणि वाया नळावर हात धूत होतो.

"काय रे, पगार वाढवला का?" मी विचारलं.

"चोवीस साचे पेत्रिचला जाणार."

"पेत्रिच? बुल्गारियात?"

"मी उघडायचे, तिकडे नेऊन बसवायचे, तिथल्या माणसांना शिकवायचं. मग इथे नवे साचे येतील. चाळीस माणसं राहतील. वाया त्यात पहिली, असं म्हणाले. तुझंही नाव मी घेतलं."

"कागदावर दिलं?"

"अगं, हात मिळवला त्यांनी माझ्याशी."

वायाने नुसते हात पुसले. मीच म्हणाले, "झीसिस, तिकडच्या बाईला आपल्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यात राबवतात. इथे नवे साचे आणून तो काय लोणचं घालणार आहे?"

"तुला सगळ्यात वाईटच दिसतं," तो म्हणाला.

युनियनचा स्तेर्गिओस त्या रात्री त्याच्या घरी गेला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"मिस्त्री, तू हात लावला नाहीस तर ते साचे हलत नाहीत. सबंध गावात दुसऱ्या कुणाला येतं का ते? आम्ही फाटकात बसतो, तू फक्त आजारी पड."

"मी आजारी पडलो तर ते भंगारवाले आणतील. गॅसने कापून नेतील."

"नेऊ दे कापून! कापलेला साचा सूत कातत नाही. मालकाला इथेच राहावं लागेल."

"त्याला कुठेच राहावं लागत नाही रे, स्तेर्गिओस. तो तिकडे नवे घेईल. मग इथे ना साचे, ना चाळीस माणसं."

"म्हणजे तू जाणार."

"मला कापलेले बघवणार नाहीत."

आज विचार करते तेव्हा वाटतं, तो दोन्ही खरं बोलत होता. मालकाच्या शब्दावर त्याचा विश्वास होता, आणि सदतीस वर्षं तेल घातलेली यंत्रं कुणी कापावीत हे त्याला सहन होणार नव्हतं. त्या वेळी मला त्यातलं एकच ऐकू आलं: तो जाणार.

पाच आठवडे त्याने साचे उघडले. आम्ही उरलेल्या साच्यांवर काम करायचो आणि पलीकडे तो सुताला पीळ देणारी एकेक चाती काढून, पुसून, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायचा. एका साच्याला चारशे चात्या. प्रत्येक खोक्यावर खडूने आकडा, प्रत्येक बोल्टला तारेने बांधलेली चिठ्ठी. मदतीला दिलेली माणसं घाई करायची, तर तो त्यांच्यावर ओरडायचा. गिरणीत त्याला ओरडताना मी तेवढंच पाहिलं. रिकाम्या झालेल्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन उरले. आम्ही जेवायच्या सुट्टीत त्या बाजूला जाईनासे झालो.

ट्रक निघाले त्या सकाळी आम्ही फाटकाशी उभ्या होतो. पोलीसही होते. झीसिस पहिल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला होता. कुणीतरी कुजका पीच फेकला, तो काचेवर फुटला. कुणी फेकला ते मी सांगत नाही. मी नव्हते, पण माझ्याही हातात एक होता.

पेत्रिच काही लांब नाही. सीमा धरून तीन तास. पण झीसिस महिन्यातून एकदाच यायचा. तिकडे जुन्या तंबाखूच्या गोदामात त्याने साचे मांडले. तिथे त्याच्या हाताखाली रुमेन नावाचा माणूस दिला होता, पन्नाशीचा, पूर्वी सरकारी कारखान्यात फिटर असलेला. त्याच्याबद्दल झीसिस वायाला सांगायचा आणि वाया मला.

"म्हणतो, माणूस सोन्यासारखा आहे. पाणसळ लावून साचा एका केसाइतका सरळ बसवतो. त्यांचा कारखाना दहा वर्षांपूर्वी बंद झाला. तेव्हापासून तो इथे आपल्याकडेच येऊन पीच तोडायचा."

"म्हणजे आपण त्याला ओळखत असू," मी म्हणाले.

"त्याने झीसिसला विचारलं, तुमच्या गावातल्या बायांचं काय झालं? झीसिस म्हणाला, त्यांना नवे साचे येणार आहेत. तर रुमेन म्हणाला, आम्हालाही असंच सांगितलं होतं."

ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणासाठी गिरणी आठवडाभर बंद असायची. दोन हजार पाचमध्येही झाली. आठवडा संपल्यावर आम्ही सकाळच्या पाळीला गेलो तर फाटकाला नवी साखळी आणि पुठ्ठ्यावर डकवलेला एक कागद. एकशे साठ नावं. मी माझं शोधत होते, तेवढ्यात शेजारी वायाचा आवाज आला, "मी आहे यात." तिला वाटत होतं, ती राहणाऱ्यांची यादी आहे. मी तिला वरची ओळ वाचून दाखवली.

आम्ही सव्वीस दिवस फाटकाशी बसलो. आत उरलेल्या साच्यांची राखण करत होतो म्हणे. वायाही यायची. तिला कुणी हाकललं नाही, पण ती आली की बाकावरच्या बाया पाय पसरून बसायच्या. ती उभी राहायची. दुपारी कुणी भाजी भरलेला रोट आणला तर तो सगळीकडे फिरायचा आणि तिच्यापाशी पोचायच्या आत संपायचा. एकदा ती मला म्हणाली, "आन्थूला, मलाही काढलंय गं." मी म्हणाले, "तुझ्या घरात एक पगार तरी चालू आहे. तोही आमच्या साच्यांवर."

सव्वीस दिवसांनी कोर्टाचा हुकूम आला आणि आम्ही उठलो. उरलेले साचे भंगारात गेले. ते कापलेच.

झीसिस ऑक्टोबरमध्ये परत आला. रुमेनला सगळं येऊ लागलं होतं, म्हणून तिकडच्या मॅनेजरने त्याला एका शुक्रवारी सांगितलं की सोमवारपासून यायचं कारण नाही. तो तडक थेस्सालोनिकीला गेला. आरिस्तिदिस भेटले नाहीत. त्यांच्या कचेरीतल्या बाईने कॉफी दिली आणि समजावून सांगितलं: पेत्रिचला जाताना त्याने ज्या कागदावर सही केली, तो बुल्गारियातल्या नव्या कंपनीचा होता. म्हणजे खालच्या गिरणीतून त्याने स्वतःहून राजीनामा दिला, असा त्याचा अर्थ. आम्हाला काढल्याबद्दल जी भरपाई मिळाली, सरकारने पन्नाशीच्या पुढच्यांना जी मदत लावून दिली, त्यातलं त्याला काहीच मिळणार नव्हतं. अडतीस वर्षं एका ठिकाणी काढून तो कागदोपत्री कुणाचाच नव्हता.

गावात हे कुणी खरं मानलं नाही. "खोऱ्याने ओढलंय त्याने," असंच सगळे म्हणत. तो चौकातल्या कॉफीहाउसात गेला, बसला. शेजारच्या टेबलावरचे चौघे उठले आणि आपापल्या खुर्च्या उचलून दूर जाऊन बसले. वेटरने कॉफी आणून ठेवली तेव्हा मागून स्तेर्गिओस मोठ्याने म्हणाला, "त्याच्याकडून पैसे घेऊ नकोस रे. पेत्रिचच्या पोरींना नेऊन दे म्हणावं, आमची भाकर त्यांच्याकडेच नेलीय त्याने." सगळे हसले. झीसिसने कॉफी संपवली, पैसे ठेवले आणि पुन्हा तिथे कधी गेला नाही.

चौपन्नाव्या वर्षी त्याला कोण काम देणार? गावात यंत्रंच उरली नव्हती. तो पीचच्या बागांत छाटणीला जायला लागला, अल्बानियन मजुरांच्या टोळीत. त्यांच्यातला म्हाताराही त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होता.

आणि आता माझं सांगते. पुढच्या जुलैत खाली मैदानातल्या डबाबंद फळांच्या कारखान्यात हंगामी बाया हव्या होत्या. कारखान्याची व्हॅन चौकातून सोळा बाया न्यायची. बाया कोणत्या, ते ठरवायला ड्रायव्हरने मला सांगितलं होतं, कारण मी सगळ्यांना ओळखत होते. वाया माझ्या दारात आली. चप्पल काढून आत आली, एरवी ती भिंतीवरूनच बोलायची.

"एक जागा असेल तर बघ. झीसिसचं छाटणीचं काम संपलंय."

"विचारते," मी म्हणाले.

मी कुणालाच विचारलं नाही. जागा दोन होत्या. मी ड्रायव्हरला सांगितलं, ती बाई आली तर बाकीच्या बसणार नाहीत. कदाचित नसत्या बसल्या. कदाचित दोन दिवस कुरकुर करून बसल्या असत्या. मी त्यांना ती संधीच दिली नाही. दुसऱ्या दिवशी वायाला म्हणाले, "व्हॅन भरली." ती म्हणाली, "बरं." आणि मी ते दोन महिने पीचच्या बिया काढत होते, हात सालीच्या लवेने खाजून लाल व्हायचे, समोर एक जागा रिकामी असायची आणि मला त्याचं समाधान वाटायचं. होय, समाधान. नंतरच्या वर्षी तोही कारखाना निम्मा बंद झाला, तेव्हा मलाही कुणी बोलावलं नाही.

दोन हजार दहाच्या वसंतात एका दुपारी झीसिस अंगणात फोनवर बोलत होता. मोठ्याने, अर्धं ग्रीक, अर्धं बुल्गारियन. मी कपडे वाळत घालत होते. "नाही, आधी वरची पट्टी सैल कर... नाही, हातोडा नको, ओतीव लोखंड आहे, तडकेल... तिसऱ्याचा बोल्ट उलट्या आट्याचा आहे, मीच बसवलाय..." असं तासभर चाललं. मग त्याने फोन ठेवला आणि तो लिंबाच्या कुंडीच्या कठड्यावर बसून राहिला. पाच वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले.

"कोण होतं?"

"रुमेन."

"काय म्हणतो?"

"पेत्रिचचं बंद झालं. साचे बांगलादेशला चाललेत. त्याला उघडायला लावलंय."

मी म्हणाले, "मग तू कशाला सांगत बसलास? तडकू दे की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला न येणाऱ्या भाषेत बोलले. "त्याच्या बायकोला तिथेच काम होतं," तो म्हणाला. "त्यालाही सांगितलंय, तिची जागा राहील."

"आणि त्याने मानलं? तुझं सगळं ठाऊक असून?"

"नाही मानलं. पण उघडायचे तेवढे दिवस तरी पगार आहे."

त्यानंतर ग्रीसचंच दिवाळं वाजलं आणि आमचं दुःख सगळ्या देशाच्या दुःखात मिसळून गेलं, त्याला वेगळं कुणी विचारीना. माझा मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला. स्तेर्गिओस जर्मनीत एका हॉटेलात भांडी घासायला गेला, साठीला आलेला माणूस. वायाही दोन हजार बारामध्ये मुलीकडे श्टुटगार्टला गेली आणि तिथे कचेऱ्या झाडायला लागली. झीसिस गेला नाही. "कामासाठी एकदा सीमा ओलांडली, तेवढी बास," म्हणायचा. तो एकटा राहिला. मी कधीमधी भिंतीवरून ताट द्यायचे. तो ताट धुऊन परत ठेवायचा, आमच्यात त्यापलीकडे काही बोलणं नसायचं. शेतकरी त्याच्याकडे फवारणीचे पंप दुरुस्तीला आणायचे, तो नको म्हणायचा. हत्यारांची पेटी त्याने कधीच विकून टाकली होती.

दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. माझ्या ताटाला दोन दिवस हात लागलेला दिसला नाही म्हणून मी भिंत ओलांडून गेले, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर होता, डोळे उघडे. वाया आली, तीन महिने इथे राहिली, आणि ईस्टरनंतर त्याला जर्मनीला न्यायचं ठरलं. इथल्या इस्पितळाकडे देण्यासारखं काही नव्हतं.

ईस्टरच्या सोमवारी मी गोड पाव आणि लाल अंडी घेऊन तिच्याकडे गेले. झीसिस खिडकीशी खुर्चीत होता. वाया त्याची पायमोज्यांची पिशवी भरत होती.

"वाया, त्या व्हॅनचं," मी म्हणाले. "जागा होती. मीच नको म्हणाले होते."

ती घडी घालायची थांबली नाही. "ठाऊक आहे मला. ड्रायव्हरने त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"दहा वर्षं झाली. एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुला कुणावर तरी रागवायचंच होतं. आरिस्तिदिस तुझ्या शेजारी राहत नव्हता. आम्ही राहत होतो."

"मला माफ कर गं."

वायाने पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "मी करते गं, माझं काही नाही. पण त्याला विचारू नकोस. त्याला कळतं सगळं, आणि उत्तर देता येत नाही. उगीच रडतो मग."

तरी मी त्याच्यापाशी गेले, पाव त्याच्या चांगल्या हातात दिला. त्याने तो धरला. माझ्याकडे त्याने पाहिलं की माझ्यामागच्या दाराकडे, ते मला सांगता येणार नाही.

आठवड्याने जावई गाडी घेऊन आला. दोघांनी धरून झीसिसला मागच्या सीटवर आडवं केलं. निरोपाला गल्लीत मी होते आणि समोरची एक बहिरी म्हातारी होती. एवढीच माणसं उरली होती, असंही नाही. काही पडद्याआडून बघत होती.

वायाचा फोन महिन्याला येतो. ती पहाटे कचेऱ्या झाडते, दुपारी त्याला भरवते. तो तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून गेल्यापासून खाली उतरलेला नाही. प्रत्येक वेळी ती विचारते, घर बघायला कुणी आलं होतं का. मी म्हणते, अजून नाही. खरं म्हणजे घर विकायला आहे असं सांगणारी पाटी वाऱ्याने केव्हाच पडली, आणि ती पुन्हा लावून विचारायला येणार तरी कोण, म्हणून मीही ती उचललेली नाही.